घरें दिलीं, पण बाजार कोठें आहे?

धारावीच्या पुनर्विकासांत जीं कुटुंबें धारावींतच घर मिळण्यास अपात्र ठरतील, त्यांच्या भाड्याच्या घरांसाठीं कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची सुमारें २५५ एकर जमीन वापरण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ सालीं केला. त्याच्या अगोदर, २०२३ पासूनच, मुलुंड पूर्वेस प्रकल्पबाधितांसाठीं बांधावयाच्या ७,४३९ घरांच्या योजनेविरुद्ध मुलुंडकर नागरिकांनीं आवाज उठविला होता. ह्या दोन्ही गोष्टींवर सभा झाल्या, मोर्चे निघाले आणि वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. रस्ते पुरतील काय, पाणी कोठून येईल, सकाळच्या लोकलमध्यें आणखी किती माणसें कोंबावयाचीं, मिठागरें भरून काढल्यावर भरतीचें पाणी कोणाच्या घरांत शिरेल, हे सर्व प्रश्न रास्त आहेत व त्यांचीं उत्तरें सरकारकडून मिळालींच पाहिजेत. परंतु ह्या सर्व गदारोळांत एक साधा प्रश्न ठळकपणें विचारला गेलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. तो हा कीं, ह्या नव्या घरांत राहावयास येणाऱ्या बाईनें पहिल्याच दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास पावशेर तेल, दोन किलो पीठ आणि मेथीची एक जुडी कोठून आणावी?

ज्यांच्या खिडकीखालीं वाणी, गिरणी व भाजीवाला ही त्रयी वर्षानुवर्षें उभी आहे त्यांस हा प्रश्न पोरकट वाटेल. मुंबईच्या उपनगरांत आणि वाण्याच्या दुकानाचा तोटा! अंधेरी स्टेशनच्या दोन्ही अंगांस, बोरिवलीच्या बाजारांत किंवा घाटकोपरच्या रस्त्यांवर सायंकाळीं पाय ठेवावयास जागा नसते. तेथें दुर्भिक्ष आहे तें मोकळ्या जागेचें, मालाचें नव्हे. पश्चिमेकडील देशांत 'अन्नाचें वाळवंट' हा शब्दप्रयोग १९९० च्या दशकांत ब्रिटनमध्यें रूढ झाला, व पुढें अमेरिकन सरकारनें त्याचें माप ठरविलें: शहरांत एक मैलाच्या आंत आणि खेड्यांत दहा मैलांच्या आंत धान्य-भाजीचें मोठें दुकान नसेल, आणि वस्ती गरीब असेल, तर तो भाग वाळवंट समजावा. हें माप घेऊन कोणी उपनगर जिल्हा मोजूं लागला तर त्याच्या हातीं बहुधा कांहींच लागणार नाहीं. २०११ च्या शिरगणतींत ज्या जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर भरली, तेथें मैलभर चालून दुकान सांपडणार नाहीं असें कसें होईल?

परंतु चूक मापांत आहे. ज्या देशांत जवळजवळ प्रत्येक घरास मोटार आहे आणि आठवड्याचा बाजार एकदांच भरतात, तेथील कोस आमच्या उपयोगाचा नाहीं. आमच्याकडे दुकान किती दूर आहे हें मैलांवर ठरत नसून चार गोष्टींवर ठरतें. दुकानदार उधार देतो काय, दहा-वीस रुपयांचा माल सुटा देतो काय, कामावरून परततांना तें वाटेवर लागतें काय, आणि पोतें घेऊन किती जिने चढावे लागतात. ह्या चारही प्रश्नांचीं उत्तरें प्रतिकूल असलीं, तर दोनशें पावलांवरचें झगझगीत दुकानसुद्धां त्या गिऱ्हाइकापुरतें दहा मैलांवरच असतें.

आमच्या व्यापारी वाचकांस हें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. त्यांच्या गल्ल्यावर हें रोज घडत असतें. महिन्याचा पगार बँकेंत जमा होणारा मनुष्य एकदांच यादी देतो. रोजंदारीचा मनुष्य रोज येतो. त्याच्या घरांत साठविण्यास जागा नाहीं, आणि आजची मजुरी आजच संध्याकाळीं हातीं येते. तो पाव किलो डाळ, वाटीभर तेल, चार अंडीं घेतो. काम न मिळाल्या दिवशीं त्याचें नांव वहींत चढतें व काम मिळाल्यावर उतरतें. पंधरा किलोचा डबा घेणाऱ्यापेक्षां त्याला किलोमागें जास्त पडतें हें उघड आहे. गरीब मनुष्य महाग खातो तें ह्याच कारणानें. तथापि ती वही हीच त्याची बँक असते, आणि तिला तारण एकच: दुकानदार त्याला ओळखतो. झोपडपट्टीला आम्ही सुधारक लोक नांवें ठेवतों, आणि तेथील गटारें पाहिलीं म्हणजे तीं ठेवावीं असेंच वाटतें. पण त्या गल्लीबोळांत एक गोष्ट बिनबोभाट सिद्ध झालेली होती. दाराशीं वाणी होता, कोपऱ्यावर गिरणी होती, पाटी घेऊन कोळीण येत होती आणि हातगाडी थेट उंबऱ्यापाशीं थांबत होती.

मग पुनर्वसन होतें. तें व्हावें ह्याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. पक्क्या भिंती, स्वतंत्र शौचकूप आणि नळाचें पाणी ह्यांचें मोल ज्यानें तें भोगलें नाहीं त्यालाच कळतें. पण पुनर्वसनाचा हिशेब माणसांचा नसून बांधकामाचा असतो. ज्याची दुकान म्हणून नोंद आहे त्यास नव्या इमारतींत २२५ चौरस फुटांपर्यंतचा गाळा मिळण्याची तरतूद आहे. हातगाडीची नोंद घर म्हणूनही नाहीं व दुकान म्हणूनही नाहीं, म्हणून तिला कांहींच नाहीं. ज्याला गाळा मिळाला तो मोक्याच्या जागेवर असेल तर लौकरच औषधांच्या दुकानाला किंवा मोबाईल विकणाऱ्याला भाड्यानें जातो, कारण त्या भाड्याइतका नफा तूरडाळींत नाहीं. उरलेला दुकानदार नवा असतो, गिऱ्हाईकही नवें असतें, आणि जुनी वही जुन्या गल्लीबरोबर जमीनदोस्त झालेली असते.

उदाहरणें दूर शोधावयास नकोत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील अतिक्रमणें हटविण्याचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयानें १९९७ सालीं दिला. तेथून उठविलेल्या कुटुंबांपैकीं अनेकांस अंधेरी पूर्वेकडील चांदिवली येथें संघर्षनगर म्हणून वसविलेल्या वसाहतींत घरें मिळालीं. मधल्या काळांत किती वर्षें गेलीं आणि किती घरें मोडलीं ही कथा वेगळीच आहे. दुसरें उदाहरण माहुलचें. तानसा जलवाहिनीलगतच्या घाटकोपर-विद्याविहारकडील झोपड्या २०१७ च्या सुमारास पाडून तेथील कुटुंबांस तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारीं ७२ इमारतींच्या वसाहतींत नेलें. तेथील हवा इतकी दूषित ठरली कीं, लोकांस तेथें सक्तीनें पाठवूं नये व दुसरें घर देतां येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडें द्यावें असें २०१९ सालीं उच्च न्यायालयास सांगावें लागलें. माहुलची हवा न्यायालयापर्यंत पोहोंचली, कारण हवेचें मोजमाप करणारीं यंत्रें आहेत. जिच्या चार घरच्या धुण्याभांड्यांच्या कामाला घाटकोपर दूर पडलें, जिला उधार देणारा वाणी मागें राहिला, आणि जिचें भाजीचें दुकान म्हणजे स्टेशनवरून घरीं येतांना लागणारी एक टोपली होती, तिच्या तोट्याचें मोजमाप कोण करणार?

ह्यावर कोणी म्हणेल कीं, सरकारी शिधावाटपाचें दुकान आहेच कीं. खरें आहे; आणि ह्या बाबतींत मुंबईचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. महायुद्धाच्या धामधुमींत, १९४३ च्या मे महिन्यांत, ह्या शहरांत धान्याची शिधावाटप पद्धति सुरू झाली, व पुढें कित्येक वर्षें तिनें श्रीमंत-गरीब दोघांसही एकाच रांगेंत उभें केलें. १९९७ सालीं ही व्यवस्था गरिबांपुरती मर्यादित करण्यांत आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतील दर माणशीं महिन्यास ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून हें धान्य फुकट मिळतें. पांच माणसांच्या घरास २५ किलो तांदूळ-गहूं फुकट मिळणें ही लहानसहान गोष्ट नव्हे, आणि ती हंसण्यावारी नेणाऱ्यांनीं स्वतःच्या घरचा महिन्याचा हिशेब एकवार पाहावा.

परंतु हा हक्क कोणास? महाराष्ट्रांतील शहरी भागांत प्राधान्य कुटुंबासाठीं ठरविलेली उत्पन्नाची मर्यादा वर्षास ५९,००० रुपये, म्हणजे महिन्यास पांच हजारांहूनही कमी. अंधेरीच्या एखाद्या इमारतीचा पहारेकरी एकटाच ही मर्यादा ओलांडतो. त्याची बायको दोन घरीं पोळ्या करीत असेल तर विचारावयासच नको. कायद्यानें देशांतील शहरी लोकसंख्येपैकीं शेंकडा ५० पर्यंत लोकांस ह्यांत घ्यावें असें म्हटलें; महाराष्ट्राच्या शहरांच्या वांट्यास त्यांतून शेंकडा ४५ च्या आसपास आले, आणि तेही २०११ च्या शिरगणतीवरून. त्यानंतर जन्मलेलीं व आलेलीं माणसें सरकारच्या कोष्टकांत नाहींत, उपनगरांत मात्र आहेत.

दुसरी अडचण दुकानदाराची आहे, आणि ती आमच्या वाचकांस चटकन समजेल. शिधावाटप दुकानदारास क्विंटलमागें १५० रुपये मिळत; २०२५ सालीं राज्य सरकारनें ते १७० केले. समजा एखादा दुकानदार महिन्यास शंभर क्विंटल धान्य वांटतो. त्याच्या हातीं १७,००० रुपये येतात. त्यांतून गाळ्याचें भाडें, हमाली, वीज, नोकर आणि स्वतःचें पोट! मुलुंडमध्यें वा बोरिवलींत ह्या पैशांत मोक्याची जागा कोण देईल? मग दुकान कोठल्या तरी आडगल्लींत उघडतें, महिन्यांतील मोजके दिवस उघडें राहतें, आणि अंगठ्याची खूण यंत्रानें नाकारली कीं कार्डधारक परत जातो. परत जाणें म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणें होय. २०१९ पासून कोणत्याही दुकानांतून धान्य उचलण्याची सोय हळूहळू झाली, व ती खरोखरच चांगली सुधारणा आहे. वसाहत बदलली म्हणून हक्क बुडत नाहीं. पण कोणत्याही दुकानांतून घेतां येण्यास जवळपास एखादें दुकान असावें लागतें, एवढी गोष्ट सोय करणाऱ्यांनीं गृहीत धरली आहे.

आतां फेरीवाल्यांकडे वळूं. ह्या विषयांत आमच्या वाचकांचा राग आम्हांस ठाऊक आहे आणि तो सर्वस्वीं चुकीचा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरींत २३ माणसें मेलीं. तो पूल अरुंद होता आणि पाऊस आला होता, तरी त्यानंतर स्टेशनांभोंवतालची गर्दी हा जिवावरचा प्रश्न झाला. त्याच वर्षीं उच्च न्यायालयानें स्टेशनापासून १५० मीटरांच्या आंत फेरीवाल्यांस बसण्यास मनाई केली. पादचाऱ्याच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. पण भाजी घेणाऱ्या बाईच्या दृष्टीनें पाहतां, संध्याकाळीं सात वाजतां लोकलमधून उतरून घरीं जाऊन चूल पेटविणाऱ्या बाईचा बाजार तोच होता. तो उठविल्यावर दुसरीकडे बसविण्याचें काम २०१४ च्या फेरीवाला कायद्यानें पालिकेवर टाकलेलें आहे. लोकसंख्येच्या शेंकडा अडीचपर्यंत फेरीवाल्यांस सामावून घ्यावें असें तो कायदा सांगतो. २०१४ च्या पाहणींत सुमारें ९९ हजार अर्ज आले. फेरीवाला समितीची निवडणूक होण्यास २०२४ चा ऑगस्ट उजाडला, आणि तेव्हां मतदारयादींत सुमारें ३२ हजार नांवें होतीं. दहा वर्षांत उठविण्याचें काम नियमितपणें झालें, बसविण्याचें राहून गेलें.

घाऊक बाजाराचीही एक गोष्ट येथें सांगून टाकूं. मुंबईच्या भाजी व फळांचा घाऊक बाजार १९९६ सालीं वाशीस गेला. शहरांतील कोंडी फोडण्यास तें अवश्य होतें. पण बोरिवलीच्या भाजीवाल्याला तेव्हांपासून खाडी ओलांडून वाशी गांठावी लागते किंवा पहाटे दादरला यावें लागतें, आणि त्या फेऱ्याचें भाडें कोथिंबिरीच्या जुडीवर चढतें. राष्ट्रीय उद्यानांतील आदिवासी पाड्यांची तर बातच नको. त्यांस उद्यानाच्या दारापर्यंत चालत आल्याखेरीज बाजार दिसत नाहीं.

ह्या सर्व अडचणींवर हल्लीं एक रामबाण उपाय सांगितला जातो, तो म्हणजे मोबाईल. पवईस २००२ सालीं डी-मार्टचें पहिलें दुकान उघडलें तेव्हां वाण्यांचें धाबें दणाणलें होतें. २०२१ सालीं मुंबईंतच झेप्टो जन्मास आली, आणि कांदा-बटाटा दहा मिनिटांत दाराशीं आणून देण्याची चढाओढ लागली. आम्ही यंत्राचे व नवेपणाचे वैरी नाहीं. म्हाताऱ्या माणसांस, आजाऱ्यास, तान्ह्या मुलाच्या आईस ह्या सोईचा मोठा आधार होतो. पण ही सोय कोणत्या वाटांनीं जाते तें पाहावें. जेथें पत्ता सरळ आहे, रस्ता दुचाकी जाण्याजोगा आहे, आणि खरेदी पोहोंचविण्याचा खर्च भरून निघण्याइतकी आहे, तेथें ती धांवत जाते. घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर, जेथें पायऱ्या संपत नाहींत, तेथें पावशेर तेल घेऊन कोण चढणार? आणि चढलाच, तर तो उधार देणार आहे काय? शिवाय ह्या व्यापाराचा दुसरा परिणाम हळूहळू होतो. सुखवस्तु गिऱ्हाईक वाण्याकडून निघून गेलें म्हणजे गरीब गिऱ्हाइकाची उधारी सोसण्याची वाण्याची ताकद संपते. महिन्याच्या यादीवाल्याच्या नफ्यावर रोजंदारीवाल्याची वही चालत होती, हें अर्थशास्त्र कोणत्याही पुस्तकांत न वाचतां आमचे किराणा व्यापारी जाणून आहेत.

मग लोकांनीं स्वतः कांहीं केलेंच नाहीं काय? केलें, आणि मुंबईइतकें क्वचित् कोणत्या शहरानें केलें असेल. १९४८ सालीं नायगांवच्या कामगारांनीं सहकाराचें जें दुकान काढलें तें पुढें 'अपना बाजार' म्हणून घरोघर पोहोंचलें. १९७२ मध्यें महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृति स्त्रियांनीं हातांत लाटणीं घेऊन रस्ते भरले. १९७५ च्या गुढीपाडव्यास मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या कुटुंबांनीं संघ करावा, महिन्याची यादी एकत्र द्यावी, माल एकत्र येतांच सर्वांनीं मिळून वांटून घ्यावा, मधला नफा वांचवावा, ही तिची पद्धत उपनगरांतील मध्यमवर्गांत, विशेषतः गृहिणींच्या बळावर, रुजली. पण ही पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: महिन्याचे पैसे महिन्याच्या आरंभीं हातीं असावे लागतात. पगारदारांचा सहकार यशस्वी झाला. रोजंदारांचा सहकार अद्याप कोणी मनापासून करून पाहिला नाहीं. आठवड्याच्या यादीवर, किंबहुना रोजच्या यादीवर, चालणारा संघ कां निघूं नये? बचत गटांच्या बायका पैशांचा हिशेब उत्तम ठेवतात असा सर्वत्र अनुभव आहे. त्यांच्या हातीं एक गाळा व एक तराजू देऊन पाहावा.

ब्राझील देशांतील बेलो होरिझोन्ते ह्या शहरानें १९९३ सालीं ह्या बाबतींत एक धूर्त युक्ति केली, तिच्याकडे आमच्या पालिकेचें लक्ष वेधावेसें वाटतें. तेथील नगरपालिकेनें व्यापाऱ्यांस शहरांतील मोक्याच्या जागा देऊं केल्या, पण अट घातली कीं नित्याचे सुमारें वीस जिन्नस ठरलेल्या स्वस्त दरानें विकले पाहिजेत, आणि मोक्याच्या जागीं बसणाऱ्यांपैकीं कांहींनीं आठवड्याच्या अखेरीस गरीब वस्त्यांत जाऊनही माल विकला पाहिजे. बाकीचा माल त्यांनीं हव्या त्या भावानें विकावा. सरकारनें दुकान चालविलें नाहीं आणि व्यापाऱ्यास लुटलेंही नाहीं. जागा दिली आणि जागेच्या मोबदल्यांत काम घेतलें. आमच्या पालिकेजवळ जुन्या मंडया आहेत, आरक्षित भूखंड आहेत, आणि १८८८ च्या महानगरपालिका कायद्यानें सार्वजनिक मंडया बांधणें व राखणें हें तिचें आवश्यक कर्तव्य मानलेलें आहे. जागेच्या बदल्यांत अट घालण्याची रीत तिला कोणी शिकविण्याची गरज नाहीं. बांधकामाच्या परवानग्यांत ती रोज हेंच करिते.

तेव्हां मिठागरांच्या जागेवर व मुलुंडमध्यें जीं घरें उभीं राहावयाचीं आहेत, त्यांच्या भोगवटा प्रमाणपत्रास आणखी एक अट जोडावी. प्रत्येक वसाहतींत तळमजल्यावर एक शिधावाटपाचें दुकान, एक पिठाची गिरणी आणि भाजी-मासळीचे ओटे तयार झाल्याखेरीज किल्ल्या वांटूं नयेत. हे गाळे लिलावास काढूं नयेत; लिलावांत डाळ हरते व औषधाचें दुकान जिंकतें. ज्या फेरीवाल्यांस जुन्या वस्तींत गिऱ्हाइकें ओळखत होतीं, त्यांच्यापैकीं त्याच इमारतींत येणाऱ्यांस ओट्यांवर पहिला हक्क असावा, म्हणजे वह्याही त्यांच्याबरोबर येतील. शिधावाटप दुकानदाराचें भाडें वसाहतीच्या खर्चांत घालावें. ह्याला फार मोठी रक्कम लागत नाहीं. नकाशावर वेळेवर चार चौकोन काढावे लागतात, आणि नकाशे कागदावर आहेत तोंवरच तें स्वस्तांत होतें. इमारत उभी राहिल्यावर भिंत फोडून गिरणी बसविण्याचा खर्च कोण देणार?

मुलुंडकर नागरिकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. येणारीं माणसें नकोत असें म्हणणें सोपें आहे, पण तीं आलींच तर त्यांचा बाजार तुमच्या बाजारावर पडेल. त्यांच्या वसाहतींत ओटे नसतील तर हातगाड्या तुमच्या स्टेशनच्या रस्त्यावर लागतील, आणि मग फेरीवाल्यांविरुद्धच्या तक्रारींचे कागद तुम्हींच पालिकेंत नेऊन द्याल. किराणा व्यापाऱ्यांच्या संघटनांनींही स्वस्थ बसूं नये. ७,४३९ घरें म्हणजे तितकीं गिऱ्हाइकें. आज गाळ्यांची मागणी केली नाहीं तर तीं गिऱ्हाइकें उद्यां मोबाईलवाल्यांस किंवा कोणासच मिळणार नाहींत.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षें मुंबई महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाच्या हातीं होता. जानेवारी २०२६ मध्यें निवडणूक होऊन पुनः लोकांचे प्रतिनिधि सभागृहांत आले आहेत. मुलुंडच्या टी विभागांतील व भांडुप-कांजूरच्या एस विभागांतील नगरसेवकांनीं एवढेंच विचारावें: प्रकल्पबाधितांच्या व मिठागरांवरील वसाहतींच्या नकाशांत शिधावाटपाचीं दुकानें किती, गिरण्या किती, भाजीचे ओटे किती, आणि ते कोणास, किती भाड्यानें द्यावयाचे आहेत? लेखी उत्तर मागावें. तें आलें म्हणजे आम्ही तें ह्याच जागीं आंकड्यांसह छापूं.